लोकसंगीत महोत्सवाच्या संयोजकांना : आमच्या पोरांना पुरता वेळ द्या

आपल्या सोलापूरच्या महोत्सवाच्या संयोजन समितीतल्या सगळ्या मालकांना, अण्णांना, आक्का-तायांना नमस्कार.

गणपती झाले की यंदाच्या महोत्सवाची मीटिंग लागणार, पावती पुस्तकं वाटली जाणार, आणि एकदा का पत्रिका छापून आली की मग कुणाचंच काही चालत नाही, म्हणून हे आत्ताच लिहितोय आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहितोय. माझं मागणं एकच आहे. हलगी, संबळ, ढोलकी, तुणतुणं वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या आपल्याच भागातल्या पोरापोरींना महोत्सवात पुरता कार्यक्रम द्या, मधला रिकामा वेळ भरून काढायला त्यांना स्टेजवर ढकलू नका. पुढं जे काही लिहिलंय ते सगळं ह्याच्याच पोटातलं आहे.

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. तरुणपणी कलापथकात ढोलकी वाजवायचो, आता संध्याकाळी सुट्टी झाली की समाजमंदिरात पोरं जमतात त्यांच्यात बसतो, ढोलकी लावून देतो, कोण आलं कोण नाही ते बघतो. शिकवणारे वस्ताद वेगळे आहेत, हलगीला एक आणि गोंधळाला एक म्हातारे आजोबा, ज्यांच्या स्वतःच्या पोरांनी संबळ सोडून रिक्षा धरली पण नातू परत संबळाकडे आलाय. ही पोरं कोण आहेत ते तुम्हाला माहितीच आहे कारण तुमच्याच गल्लीतली आहेत, कुणाची आई विड्या वळते, कुणाचा बाप लूमवर आहे, कुणी बारावीत आहे, कुणी दहावी सोडून गॅरेजला लागलाय. दिवसभर राबून, शाळा कॉलेज करून ही पोरं रात्री हात बसवायला येतात, आणि कुणी सांगितलं म्हणून येत नाहीत, आवडतं म्हणून येतात. एवढी एक गोष्ट जरी समितीनं लक्षात घेतली तरी निम्मं काम होईल.

आता मागच्या महोत्सवात काय झालं ते सांगतो. कुणावर राग म्हणून सांगत नाही, पण झालं ते झालं. गोंधळाच्या पोरांना पाचचा टाइम दिला होता, पोरं त्याच्या तासभर आधी अंगरखे घालून, कवड्यांच्या माळा घालून हजर. प्रमुख पाहुणे यायचे होते, त्यांना उशीर होत होता, खुर्च्या मांडायचं काम चालू होतं, मग कुणीतरी म्हणालं की पाव्हणे येईपर्यंत ह्यांचं चालू करून द्या, स्टेज मोकळं दिसायला नको. म्हणून पोरं उभी राहिली. समोर बघायला आपल्याच समितीचे चार कार्यकर्ते आणि मंडपवाले. तरी पोरांनी मनापासून धरलं, देवांना बोलवायला सुरुवात केली, आणि बरोबर तेवढ्यात गाडी आली. अँकरनं मधेच माईक घेतला, टाळ्या वाजवा म्हणाला, आणि पोरं गळ्यात संबळ अडकवून स्टेजच्या कोपऱ्यात उभी ती शाल, श्रीफळ, हार, भाषण, परत हार हे सगळं संपेपर्यंत उभीच. त्यानंतर काय सांगितलं तर, झाला ना तुमचा आयटम, आता खाली उतरा, पुढचा डान्स आहे.

पोवाड्याच्या पोरांचं ह्याच्या उलट झालं. त्यांना म्हणाले शेवटी ठेवतो, गर्दी असते. ऑर्केस्ट्रा लांबला, मग सत्कार राहिले होते ते उरकले, आणि ह्यांचं नाव पुकारलं तेव्हा दहाला फक्त थोडी मिनिटं राहिली होती. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो हे काही आपल्याला त्या दिवशी कळलं असं नाही ना, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री १० ते सकाळी ६ बंद, आणि सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, ते दिवस मोठ्या सणावारांतच जातात. म्हणजे आपल्या महोत्सवाला दहा म्हणजे दहाच. मग ज्याला शेवटी ठेवलं त्याचं कापलं जाणार हे ठरलेलंच असतं, आणि दर वेळी शेवटी कोण असतं ते बघा. पोलीस काही चुकीचं करत नाहीत, ते येऊन घड्याळ दाखवतात. पण शाहिराची भूमिका करणाऱ्या पोरानं फेटा बांधून, डफ हातात घेऊन नुसतं नमन म्हटलं आणि माईक गेला. घरी जाताना त्याच्यासोबतचा एक झीलकरी, म्हणजे शाहिराच्या मागं सूर धरणारा, त्याला म्हणाला, पुढच्या वर्षी यायचंच नाही बे. मला हे पत्र लिहावंसं वाटलं ते ह्या वाक्यामुळं.

तुम्ही म्हणाल प्रत्येकाला चार मिनिटं हा नियम सगळ्यांना सारखा आहे. अण्णा, रेकॉर्डवर नाचायला चार मिनिटं बास होतात कारण गाणंच तेवढं असतं. गोंधळाचं तसं नाही. चौक मांडायचा, घट बसवायचा, दिवटी पेटवायची, मग एकेका देवाला नाव घेऊन गोंधळाला यायला सांगायचं, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, गावदेवीपर्यंत सगळे, आणि सगळे आले म्हटल्यावर मग आख्यान आणि शेवटी आरती. रात्रभर चालायची ही गोष्ट. आजोबांनी आणि पोरांनी मिळून ती स्टेजसाठी अर्ध्या तासात बसवलीय, त्यातलं काय ठेवायचं काय सोडायचं ह्याच्यावर किती डोकं लावलंय ते मी बघितलंय. अजून कापलं तर देवांना बोलावून परत पाठवल्यासारखं होतं, आणि आजोबा तसं करू देत नाहीत, ते म्हणतात मग गोंधळ म्हणू नका, नुसतं संबळ वाजवून दाखवा. पोवाड्याचंही तसंच आहे, नमन, मग प्रसंग उभा करायचा, एकेक कडवं चढवत न्यायचं, मागून झीलकऱ्यांचं जी जी रं जी उचलून धरायचं, आणि शाहीर श्वास घेतो तेवढ्यात डफ आणि तुणतुणं पुढं येतं. माणूस त्यात गुंतायलाच पाच सात मिनिटं जातात. एक सांगतो, आमच्यातला सगळ्यात लाजरा पोरगा झीलकरी म्हणून उभा राहायला लागला आणि वर्षभरात सुरात पुढचं कडवं उचलायला लागला, वर्गात उभं राहून नाव सांगायची पंचाईत होती त्याची. असा पोरगा चार मिनिटांत दिसत नाही.

म्हणून म्हणतो, तीन दिवसांतला एक संध्याकाळचा सलग दीड दोन तास फक्त ह्या पोरांना द्या. सातला चालू, नऊला बंद. पाहुणे सहाला येवोत नाहीतर आठला येवोत, मधे कुणाचा सत्कार नाही. पाहुणे उशिरा आले तर पहिल्या रांगेत बसवा, त्यांनाही ऐकायला आवडेल, आणि शाल कार्यक्रम संपल्यावर घातली म्हणून काही बिघडत नाही.

आता हलगीचं. हे जरा सविस्तर लिहितो कारण समितीत बऱ्याच जणांना वाटतं पोरं मुद्दाम उशीर लावतात. कातड्याची हलगी शेकल्याशिवाय वाजत नाही. पान थंडीनं, दमटपणानं उतरतं, ढिलं पडतं आणि आवाज बद्द येतो, मग रद्दी पेपर किंवा वाळलेलं गवत पेटवून त्याच्या जाळावर हलगी धरायची. ते बघण्यासारखं असतं. वस्ताद कडं दोन्ही हातांनी धरून पान जाळावरून गोल फिरवतात, एका जागी धरत नाहीत, मधेच बाहेर काढून बोटानं टिचकी मारतात, कानाजवळ नेतात, परत फिरवतात, आणि एका क्षणी टिचकीचा आवाज एकदम कडक, खणखणीत होतो, तेव्हा ती हलगी ताबडतोब गळ्यात घालायची आणि वाजवायला लागायचं. जास्त शेकली तर पान फाटतं आणि नवीन पान चढवायचं म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही गेले. एवढं करून चढवलेला आवाज थंडीत फार वेळ टिकत नाही. आता तुम्हीच सांगा, डिसेंबरच्या रात्री पोरांनी हलग्या शेकून तयार ठेवल्या आणि तुम्ही पाच मिनिटं पाच मिनिटं करत त्यांना तास दीड तास उभं केलं तर स्टेजवर गेल्यावर काय वाजणार? मागच्या वेळी तेच झालं. पहिल्यांदा शेकल्या, नंबर आला नाही, उतरल्या, परत जाळ केला तर एक कार्यकर्ता बादलीभर पाणी घेऊन आला आणि जाळावर ओतलं, मंडपाला आग लागेल म्हणाला. त्याची भीती बरोबर आहे, मंडपाचं कापड आहे, वायरी आहेत, मी त्याला दोष देत नाही. पण ह्याची जागा आधीच ठरवता येते ना. मंडपापासून लांब, मोकळ्या जागेत, शेजारी वाळूची बादली, एक मोठा माणूस उभा. फायबरची पानं आली आहेत आता, त्यांना शेकावं लागत नाही, काही पोरं ती वापरतातही, मिरवणुकीत पाऊस असला तर तीच बरी पडतात. पण कातड्याचा जो भरीव आवाज आहे तो त्यांच्यातून येत नाही, आणि लोकसंगीताच्या महोत्सवात तरी कातड्याच्या हलगीला जागा पाहिजे.

साऊंडबद्दल पण बोलायला पाहिजे. आपण जी सिस्टीम आणतो ती डीजेला लावतात तीच असते आणि ऑपरेटर बेस उचलूनच ठेवतो, कारण त्याला रोज तेच लागतं. त्या सेटिंगवर ढोलकी वाजवली की तिची चाट, म्हणजे चढ्या आवाजाची बाजू, ऐकूच येत नाही, नुसतं धुम धुम ऐकू येतं, आणि ढोलकीचा सगळा जीव त्या चाटीवर मारलेल्या बोटांत आहे. तुणतुण्याला एकच तार, त्याचा आवाज किती असणार, त्याला अगदी जवळ स्वतंत्र माईक नसेल तर ते पोरगं नुसतंच हात हलवताना दिसतं. हलगीचं उलट आहे, तिला माईक लागतच नाही म्हटलं तरी चालेल, पण तिला गाणाऱ्याच्या शेजारी उभं केलं की ती गाणाऱ्याच्याच माईकमध्ये शिरते आणि शब्द जातात. संबळाला दोन माईक पाहिजेत कारण दोन भांडी आहेत, एकाचा आवाज खर्जातला आणि दुसऱ्याचा चढा, एकच माईक मधे ठेवला की मोठंच तेवढं ऐकू येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टेजवर पोरांच्या बाजूला तोंड केलेला एक स्पीकर, मॉनिटर. तो नसला की पोरांना स्वतःचं ऐकू येत नाही, मागच्याला पुढचा ऐकू येत नाही, मग भीतीनं लय पळते, आणि खाली बसलेला म्हणतो पोरं कच्ची आहेत. पोरं कच्ची नाहीत हो, त्यांना ऐकू येत नाही. त्या दिवशी दुपारी अर्धा तास साऊंड चेकला दिला तर हे सगळं होतं. बाहेरून येणाऱ्या ऑर्केस्ट्राला दोन तास दिले होते, मी तिथंच होतो. ढोलकी गाणाऱ्या पोरीच्या पट्टीत लावायची असते, ती हार्मोनियमच्या काळी चारमध्ये गाते का पाचमध्ये ते बघून कड्या ओढायच्या असतात, ते काम पण स्टेजवर पब्लिकसमोर करायचं नसतं.

आता नावांचं. ही गोष्ट लिहू का नको असं वाटत होतं, पण लिहितो. डान्स क्लासच्या मुलांची अँकरनं एकेकाची नावं घेतली, कोण कितवीत आहे, कुठल्या शाळेत आहे, छान केलं, त्यांच्या आईबापांना बरं वाटलं असणार. आणि आमची पोरं आली तेव्हा म्हणाला, आता येतायत हलगीवाले. बास. त्या पोरांतल्या कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी हलगी वाजवलीय ती हौसेनं नाही, त्यांना गावानं ते काम लावलं होतं. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, हलगी पाहिजे पण हलगीवाला उंबऱ्याच्या बाहेर, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. म्हणूनच किती घरांनी हलगी टाकून दिली, पोरांना हात लावू दिला नाही, आणि त्यांचं काय चुकलं? आज त्याच घरातली पोरं ती परत उचलतायत, पोराच्या हातात हलगीचं टिपरू बघून घरातली म्हातारी आधी रडते मग टाळी वाजवते, हे मी बघितलंय. आणि आता तर सगळ्या जातीची, सगळ्या गल्लीतली पोरं एकत्र बसून शिकतायत. अशा वेळी स्टेजवरून ‘हलगीवाले’ एवढंच ऐकू आलं की त्या पोराच्या बापाच्या मनात काय येत असेल ह्याचा विचार करा. प्रत्येकाचं नाव घ्या, वाद्य सांगा, वस्तादांचं नाव घ्या. मी कागदावर लिहून देतो, अँकरनं फक्त वाचायचं. गोंधळी आजोबा मागच्या वेळी मंडपाच्या बांबूला टेकून उभे होते शेवटपर्यंत, त्यांना खुर्ची द्यावी असं कुणाला सुचलं नाही.

पोरींबद्दल पण एक सांगायचंय. आमच्यात एक पोरगी संबळ वाजवते आणि चांगलं वाजवते, एक काडी सरळ एक वाकडी, दोन्ही हातांना वेगळं काम, भल्याभल्यांना जमत नाही. समितीतल्या एका ज्येष्ठांनी मागच्या वेळी सुचवलं की तिनं वाजवण्यापेक्षा पुढं उभं राहून नाचावं, दिसायला बरं दिसतं. ती काही बोलली नाही, वाजवायलाच उभी राहिली. देवीचीच पूजा आहे ना गोंधळ म्हणजे? तुळजापूरच्या आराधिणी पिढ्यान्‌पिढ्या गातायत वाजवतायत, आपल्या जिल्ह्यात तर विठाबाई नारायणगावकरांचा जन्म झालाय, पंढरपुरात, १९३५ साली, ज्या लहानपणापासून तमाशाच्या फडावर उभ्या राहिल्या आणि राष्ट्रपती पदकापर्यंत गेल्या. मग एक पोरगी संबळ वाजवते तर आपल्याला कसलं अवघड वाटतंय?

पब्लिकला हे नको असतं, पब्लिकला रिमिक्स पाहिजे असतं, असं मला दोन तीन जणांनी सांगितलं. मला पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारी गर्दी तुम्ही बघितली नाही का, रात्रभर रस्ता वाहत असतो, आणि त्या गर्दीत देवीची जी गाणी चालतात ती कुठली असतात? पंचेचाळीस किलोमीटर माणसं त्या गाण्यांवर चालतात. गड्ड्याच्या वेळी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत रस्त्याच्या दोन्ही बाजूला माणूस मावत नाही, एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र म्हटलं की लहान पोरगंसुद्धा हात वर करतं. गणपतीत आपल्या लेझीमचे डाव बघायला लोक गॅलऱ्यांत तासन्‌तास उभे राहतात आणि लेझीमला ताल कशाचा असतो? हलगीचाच की. बाळ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीला वाघ्या-मुरळी उभे राहिले की लोक गोल करून बसतात. हेच लोक आपल्या महोत्सवाला येतात, वेगळे कुठून येणार? त्यांना हे नको असतं असं नाही, आपण त्यांना ते नीट ऐकवत नाही. मागच्या वेळी आमच्यातल्या गाणाऱ्या पोरींना अंबाबाईचं गाणं काढून पिक्चरमधलं बसवा असं आठ दिवस आधी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, आणि गाणं झाल्यावर मागच्या रांगेतल्या बायका वन्स मोर म्हणत होत्या, तुम्ही पण ऐकलंय ते.

आणि सोलापूरचं म्हणून जे खास आहे ते तर आपण वापरतच नाही. एका चौकात चार भाषा बोलणारं गाव आहे आपलं. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात वचनं लिहिली ती कन्नडमध्ये, अजून घराघरात म्हटली जातात. पद्मशाली वस्तीत नवरात्रात फुलांचा बतुकम्मा मांडून बायका टाळ्यांच्या ठेक्यावर तेलुगू गाणी म्हणत गोल फिरतात, त्यांच्या पोरींना ती सगळी तोंडपाठ आहेत. गेल्या वेळी कन्नड भजन म्हणणारी पोरं होती, किती गोड म्हटलं, पण ते काय म्हणतायत हे अँकरनं एका वाक्यात मराठीत सांगितलं असतं तर समोरच्यांनी अजून कान देऊन ऐकलं असतं. तेलुगू पोरींना तर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना विचारा, मी स्वतः दोन तीन घरी बोललोय, त्या यायला तयार आहेत, फक्त रिंगण करायला जागा लागेल, म्हणजे त्यांचं स्टेजवर न करता खाली मैदानात करा आणि लोकांना भोवती बसवा.

पैशाचं बोलायला मला संकोच नाही. ह्या पोरांतले जे जरा मोठे आहेत ते लगीनसराईत हलगी पथकात जातात, सुपारी घेतात, त्यातून कॉलेजची फी भरतात, घरात देतात. आपला महोत्सव लग्नाच्या तिथीला आला की त्यांनी ती सुपारी सोडलेली असते. आणि आपण त्यांना काय देतो तर एक वडापाव आणि प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह, ज्याच्यावर वाद्याचं नाव पण नसतं. ऑर्केस्ट्राला जे देता त्याच्या बरोबरीचं कुणी मागत नाही, पण ठरलेली बिदागी पाकिटात घालून वस्तादांच्या हातात द्या, आणि किती ते आधी सांगा. वाजवणाऱ्या पोराच्या डोक्यावरून नोटा ओवाळून खाली टाकायचं तेवढं बंद करा. देणाऱ्याचा भाव चांगला असेल, पण त्या नोटा गोळा करायला बारा तेरा वर्षांचं पोरगं खाली वाकतं तेव्हा ते बघवत नाही. ज्याला द्यायचंय त्यानं पेटीत टाकावं, ती पेटी वाद्यं दुरुस्तीला वापरू.

स्मृतिचिन्हापेक्षा प्रमाणपत्र द्या, नीट लिहिलेलं. तारीख, ठिकाण, मुलाचं नाव, काय सादर केलं, कुठलं वाद्य वाजवलं. ह्याचा उपयोग आहे. दहावीला लोककलेसाठी वाढीव गुण मिळतात आणि त्याला प्रयोग केल्याचे पुरावे लागतात, शाळेत वेळेत प्रस्ताव द्यावा लागतो, हे आपल्याकडच्या अर्ध्या पालकांना माहितीच नाही. त्याच्या पुढं १८ ते २५ वयाच्या कलाकारांना केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, महिना ५००० रुपये, दोन वर्षं, त्यात लोकसंगीत पण येतं, तिथं पण आत्तापर्यंत काय काय केलंय ते दाखवावं लागतं. पोरं वर्षानुवर्षं वाजवतात आणि हातात एक कागद नसतो, मोबाईलवर कुणीतरी काढलेलं रील असतं ज्यात त्यांचं नाव पण टाकलेलं नसतं. राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आहे ते पन्नाशीनंतर, चांगलंच आहे, आजोबांसारख्यांना ते मिळायलाच पाहिजे, पण पन्नाशीपर्यंत त्या माणसाच्या हातात वाद्य टिकायला पण पाहिजे ना. महोत्सवात एक टेबल टाका, समितीत दोन शिक्षक आहेत, एक वकील आहेत, त्यांनी बसून पोरांचे फॉर्म भरून द्यावेत. ह्याला खर्च काहीच नाही.

महोत्सवाच्या बॅनरवर आपण शाहीर राम जोशींचं नाव टाकतो, अमर शेखांचा फोटो लावतो. लावायलाच पाहिजे. राम जोशी सोलापूरचे, कीर्तनाच्या घरातले, आणि तमाशाच्या नादाला लागला म्हणून घराबाहेर काढलेले. अमर शेख आपल्या बार्शीचे, १९१६ चा जन्म, गिरणीत राबलेले, मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलेले, आणि त्यांच्या आवाजानं संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उभ्या राहिल्या. दोघंही एकेकाळी पंधरा सोळा वर्षांचेच होते आणि तेव्हा त्यांचं नाव कुणाला माहिती नव्हतं. आमच्यातला कुणी तेवढा मोठा होईल असं मी म्हणत नाही, मला ते माहिती नाही आणि त्याची गरज पण नाही. गॅरेजमधून सुटून आलेलं पोरगं रोज तासभर डफ घेऊन बसतं, एवढ्यावरच त्याचा वेळेवर हक्क झाला असं मला वाटतं.

समितीनं आजवर जे केलंय त्याची जाणीव आहे. मंडप, परवानग्या, वर्गणी, लाईट, हे सगळं कामधंदा सांभाळून करणं सोपं नाही, आणि तुम्ही महोत्सव चालू ठेवला नसता तर मला हे मागायला जागाच राहिली नसती. म्हणून नुसतं मागत नाही, आमच्याकडून काय होईल ते पण सांगतो. स्टेजमागं शिस्त आमची, पोरं वेळेच्या अर्धा तास आधी तयार, नावांची यादी आठ दिवस आधी तुमच्या हातात, खुर्च्या मांडायला आणि उचलायला आमची मोठी पोरं येतील. हलग्या शेकायची जागा, वाळूची बादली आणि लक्ष ठेवायला माणूस, तिन्ही आम्ही बघतो. साऊंडवाल्याशी बोलायला मी स्वतः बसतो. तुम्ही फक्त वार आणि वेळ पक्की करा, आणि पक्की केली की पाळा. आणि तारीख ठरवताना दहावी बारावीच्या प्रिलिम बघून ठरवा, मागच्या वेळी दोन पोरींना त्यामुळंच येता आलं नाही.

मीटिंगला वस्तादांना आणि पोरांपैकी दोघांना बोलवा, एक पोरगा एक पोरगी, त्यांना काय पाहिजे ते त्यांच्याच तोंडून ऐका. रविवार सोडून कधीही ठेवा, रविवारी त्यांच्या सुपाऱ्या असतात. संध्याकाळी सातनंतर आम्ही समाजमंदिरातच असतो, कुणालाही येऊन ऐकायचं असेल तर दार उघडं आहे, येताना आधी कळवायची पण गरज नाही.

आपला,
समाजमंदिरातल्या पोरांचा ढोलकीवाला मामा
सोलापूर